पहिल्या भागाची तारीख सांगता, शेवटच्या भागाचीही सांगा

माझ्या आत्यानं एक मालिका साडेचार वर्षं पाहिली. रोज. मध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा चुकलेले भाग तिनं नंतर मोबाइलवर पाहून भरून काढले. मग एका सोमवारी तिला कळलं, की मालिका शनिवारी संपणार आहे. तिच्या वेळेला नवी मालिका येत होती आणि नवीचा प्रोमो सुरूही झाला होता. उरलेल्या सहा दिवसांत सगळं उरकण्यात आलं. साडेचार वर्षं कारस्थानं करणारी बाई एका प्रसंगात हात जोडून रडली. हरवलेला मुलगा सापडला. ज्या खटल्यावर सात महिने घालवले होते, त्याचा निकाल कुणाच्या तरी फोनवर एका वाक्यात आला. शेवटी सगळे कलाकार रांगेत उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढ्यासाठी?"

मी स्वतः टीव्ही मनापासून पाहते. कोणती मालिका कोणत्या वेळेला सरकली, कोणत्या परदेशी मालिकेला पुढचा सीझन मिळाला, कोणती कापली गेली, या बातम्या मी रोज शोधून वाचते. त्यामुळे टीव्हीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार एकच आहे आणि ती आपल्या माणसाबद्दल असावी तशी आहे. गोष्ट सुरू करायला सगळे पुढे असतात, संपवायची जबाबदारी मात्र कुणी घेत नाही. काही गोष्टी जीव जाईपर्यंत ताणल्या जातात, काही अर्ध्यावर तोडल्या जातात. दोन्ही वेळा प्रेक्षकाला कुणी विचारत नाही आणि धड सांगतही नाही. गोष्टीचा शेवट मिळणं हा प्रेक्षकाचा हक्क मानला पाहिजे आणि वाहिन्यांनी, ओटीटी कंपन्यांनी तो आधीच कबूल करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हक्क हा शब्द कुणाला जड वाटेल. आत्याचाच हिशेब मांडते. जाहिराती वगळल्या तर भाग साधारण बावीस मिनिटांचा. आठवड्याला सहा भाग, साडेचार वर्षं. म्हणजे चौदाशे भाग आणि पाचशेहून अधिक तास. एवढ्या तासांत माणूस एखादी नवी भाषा बऱ्यापैकी शिकतो. हे तास वाहिनीनं जाहिरातदारांना विकले, त्याचे पैसे घेतले. ज्या गोष्टीच्या भरवशावर ते तास आत्यानं दिले, ती गोष्ट तिला पूर्ण करून देणं हा त्या व्यवहाराचाच भाग आहे.

रोजच्या मालिकेत शेवट का नसतो, याचं उत्तर तिच्या कारखान्यातच सापडतं. आपल्याकडे टीआरपी दर गुरुवारी येतो. बार्क ही संस्था देशभरातल्या ५०-६० हजार घरांमध्ये बसवलेल्या मीटरवरून तो काढते आणि टीव्ही असलेली घरं आहेत वीस कोटींच्या पुढे. गुरुवारी आकडा घसरला, की शुक्रवारी लेखकांची बैठक. कथानकाचा चालू ट्रॅक थांबवायचा, नवा ट्रॅक आणायचा. एखादं पात्र परत आणायचं, एखादं दरीत ढकलायचं, लग्न ठरवायचं, मोडायचं, दुसऱ्या मालिकेबरोबर महासंगम करायचा. तरी जमलं नाही तर लीप. लहान मूल एका भागात वीस वर्षांचं होतं आणि त्याच्या आईच्या कानापाशी दोन पांढरे केस येतात. कथा लिहिणारा वेगळा, पटकथा लिहिणारा वेगळा, संवाद लिहिणारा वेगळा. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक दोन-चार दिवसांची, कधी तीही नाही. सकाळी लिहिलेला प्रसंग दुपारी चित्रित होतो. अशा वेळी लेखकाला पुढच्या आठवड्यापलीकडचं काही दिसत नाही आणि तो त्याचा दोष म्हणता येणार नाही. आपण कुठे पोहोचणार आहोत, हे माहीत नसलेल्या माणसाला मध्ये कुठे थांबावं, कुठे वेग घ्यावा हे कसं कळणार? म्हणूनच एक गैरसमज चार महिने चालतो. तो दूर झाला तर त्यानंतर काय, हे ठरलेलंच नसतं.

या यंत्रात काम करणाऱ्या लेखकांबद्दल मला खरा आदर आहे. आठवड्याला सहा भाग लिहिणं ही साधी गोष्ट नव्हे. त्यातही कधी कधी एखादा असा प्रसंग येतो, एखादी सून स्वयंपाकघरात एकटी उभी राहून दोन वाक्यं बोलते, की ताटातला घास हातातच राहतो. ज्यांच्याकडून असं लिहून होतं, त्यांना शेवट लिहिता आला नसता असं नाही. त्यांना तो लिहायची मुभाच मिळत नाही.

रोजची मालिका म्हटली की ती अशीच असणार, असं मात्र मानायचं कारण नाही. लॅटिन अमेरिकेतली तेलेनोव्हेला रोजच प्रसारित होते. तिच्यातही घराणी असतात, सूड असतो, हरवलेली मुलं असतात, अश्रू असतात. फरक इतकाच, की ती संपते. साधारण सहा महिने ते वर्षभर चालते आणि शेवटचा भाग येणार हे पाहणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. ब्राझीलमध्ये २०१२ मध्ये 'आव्हेनिदा ब्राझिल' ही मालिका १७९ भागांनी संपली. त्या रात्री देशाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांनी आपली प्रचारसभा पुढे ढकलली आणि भाग संपल्यावर विजेची मागणी एकदम उसळेल म्हणून वीजव्यवस्था सांभाळणारे तयारीत बसले होते. शेवट ठरलेला असला तर लोक सोडून जातील, ही भीती किती पोकळ आहे, ते त्या एका रात्रीत दिसतं. लोक शेवटासाठीच थांबले होते.

आपल्या टीव्हीची सुरुवातही खरं तर त्याच मुशीतून झाली. 'हम लोग' ही दूरदर्शनची पहिली दीर्घ मालिका १९८४ मध्ये सुरू झाली. ती कल्पना माहिती व प्रसारण मंत्री राहिलेल्या वसंत साठे यांना त्यांच्या मेक्सिकोभेटीतून सुचली होती. करमणुकीतून समाजशिक्षण करणारी तिथली तेलेनोव्हेला त्यांनी पाहिली होती. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ती मालिका दीडशेवर भागांनी, सुमारे दीड वर्षात संपली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन बोलत आणि लोक त्या चार वाक्यांचीही वाट पाहत. आज तिची आठवण काढणारे 'लल्लू', 'बडकी', 'नन्हे' अशी नावं सहज घेतात. दीड वर्षात ओळख झालेली माणसं चाळीस वर्षं टिकली.

त्यानंतरची एक घटना मला फार बोलकी वाटते. 'रामायण' आधी ५२ भागांचं ठरलं होतं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं आणि ते ७८ भागांपर्यंत वाढलं. ते रामाच्या राज्याभिषेकापाशी थांबलं, तेव्हा १९८८ मध्ये उत्तर भारतात काही ठिकाणी सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींना आपलं मानणाऱ्या त्या समाजाचं म्हणणं होतं, की उत्तरकांड दाखवल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही, कारण वाल्मीकी ऋषी स्वतः कथेत येतात ते तिथे. अखेर पुढचा भाग काढावा लागला. गोष्ट कुठे संपते, हा प्रश्न रस्त्यावर उतरण्याइतका लोकांच्या जिव्हाळ्याचा असू शकतो. ज्यांना समाज एरवी विचारत नाही, त्यांनी तो विचारला, आणि टीव्हीला उत्तर द्यावं लागलं.

मराठीत म्हणाल तर 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ अशी अकरा-एक वर्षं चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले. तो विक्रम आहे आणि त्यात काम करणाऱ्यांच्या चिकाटीला मी कमी लेखणार नाही. दुसरीकडे २०१२ मधली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. वर्षाच्या आतच संपली. तिच्यातले घना आणि राधा आजही लोकांच्या तोंडी आहेत, मालिकेतले तुकडे आजही पाहिले जातात, आणि आठवण निघाली की माणसं 'अजून थोडी चालायला हवी होती' असं म्हणतात. मालिकेला याहून मोठी पावती दुसरी नाही. ताणलेल्या मालिकेबद्दल कुणी असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

अमेरिकेतल्या मालिकांचं आपल्याकडे फार कौतुक होतं, पण शेवटाची किंमत त्यांनाही उशिरा कळली. साठच्या दशकापर्यंत तिथल्या बहुतेक मालिका नुसत्या थांबत. एका आठवड्यात भाग येई, पुढच्या आठवड्यात येत नसे. 'द फ्युजिटिव्ह' या मालिकेत बायकोच्या खुनाचा खोटा ठपका आलेला एक डॉक्टर चार वर्षं पळत होता. त्याचं पुढे काय झालं हे सांगणारा शेवटचा भाग १९६७ च्या ऑगस्टमध्ये दाखवला, तेव्हा तो तोवरचा सर्वाधिक पाहिलेला भाग ठरला. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरच्या 'मॅश' चा अडीच तासांचा निरोपाचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ ला दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. कोरियातलं ते युद्ध तीन वर्षांचं होतं, मालिका अकरा वर्षं चालली. तरीही शेवटी ती युद्ध संपवून, एकेकाला घरी पाठवून थांबली. याचा धडा साधा होता, शेवट विकतो. पण तिथलं अर्थकारण उलट्या दिशेनं ओढत होतं. साधारण शंभर भाग झाले की मालिका स्थानिक वाहिन्यांना पुनःप्रसारणासाठी विकता येई आणि खरा नफा तिथेच असे. म्हणून शंभरापर्यंत ढकलायची, आणि तिथवर पोहोचली की आणखी ढकलायची.

'लॉस्ट' या मालिकेचं उदाहरण या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बेटावर अडकलेल्या विमानप्रवाशांची ती कथा. २००४ मध्ये सुरू झाली आणि तिसऱ्या वर्षी ती जागच्या जागी फिरू लागली. एक अख्खा भाग नायकाच्या हातावर टॅटू कसा आला, हे सांगण्यात गेला. लेखक-निर्मात्यांनी वाहिनीकडे धरणं धरलं, की आम्हाला शेवटची तारीख द्या, त्याशिवाय आम्हाला लिहिता येत नाही. मे २००७ मध्ये वाहिनीनं जाहीर केलं, की आणखी ४८ भाग होतील आणि २०१० मध्ये मालिका संपेल. यशस्वी मालिकेचा मृत्यू तीन वर्षं आधी जाहीर करणं, असं त्या धंद्यात सहसा होत नसे. चौथ्या सीझनपासून कथेला जो वेग आला, तो पाहणाऱ्या कुणालाही जाणवेल. शेवटचा भाग पुष्कळांना आवडला नाही, त्यावर अजून भांडणं होतात. मलाही त्यातलं सगळं पटलेलं नाही. पण आवडलेला नसला तरी तो शेवट होता. त्यांनी विचार करून, आपल्या मर्जीनं लिहिलेला. त्याच्याशी भांडता येतं. फोनवर उरकलेल्या निकालाशी काय भांडणार?

ओटीटी आल्यावर मला वाटलं होतं, की हा प्रश्न आपोआप सुटेल. आठ किंवा दहा भाग, ठरलेली लांबी, गुरुवारचा टीआरपी नाही, रोज रात्री पोटात गोळा नाही. काही चांगलं घडलंही. 'स्ट्रेंजर थिंग्ज' २०१६ मध्ये सुरू झाली आणि पाच सीझन, ४२ भागांनी २०२५ च्या शेवटच्या दिवशी संपली. लहान मुलं म्हणून आलेले कलाकार तोवर विशीत पोहोचले होते. मधली वर्षं फार लांबली, ही तक्रार रास्त आहे, पण पाचवा सीझन शेवटचा हे बऱ्याच आधी सांगितलं होतं आणि ते पाळलं.

पण बहुतेक मालिकांच्या वाट्याला दुसरंच दुखणं आलं. आता ताणत नाहीत, तोडतात. पहिला सीझन प्रश्नावर संपवायचा, म्हणजे लोक दुसऱ्याची वाट पाहतील, आणि मग दुसरा काढायचाच नाही. किती जणांनी पाहायला सुरुवात केली, किती जण शेवटच्या भागापर्यंत पोहोचले, असे आकडे पाहून कंपनी निर्णय घेते आणि हे आकडे बाहेर कुणालाच दिसत नसत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला. त्यांच्या मागण्यांत मानधन तर होतंच, पण आपलं काम किती पाहिलं जातं ते आम्हाला सांगा, हीही मागणी होती. ज्याने गोष्ट लिहिली त्यालाही ती का बंद पडली हे कळत नाही, अशी ती व्यवस्था.

आणि याचा परिणाम प्रेक्षकावर काय झाला, ते मी माझ्यावरूनच सांगते. दोन-तीनदा पोळल्यावर मी नवी मालिका सुरू करायच्या आधी शोधते, की ती संपलेली आहे का. संपलेली नसेल तर थांबते. माझ्यासारखे कितीतरी थांबतात. मग त्या मालिकेचे सुरुवातीचे आकडे कमी पडतात. आकडे कमी म्हणून ती बंद होते. ती बंद झाली म्हणून पुढच्या वेळी आम्ही आणखी सावध होतो. या फेऱ्यात सगळ्यात आधी बळी जातात त्या नव्या, धीट, हळू उलगडणाऱ्या गोष्टी, ज्यांना आमच्यासारख्या प्रेक्षकांची खरी गरज असते. विश्वास उडाला की करमणूकही वांझ होते, आणि तो परत आणणं कंपन्यांच्याच हातात आहे.

तो कसा आणता येतो, तेही एकदा दिसलं आहे. 'सेन्स एट' ही मालिका २०१७ मध्ये दुसऱ्या सीझननंतर, ऐन पेचात, बंद केल्याचं जाहीर झालं. जगभरातून इतकी पत्रं आणि विनंत्या गेल्या, की पुढच्या वर्षी दोन तासांहून मोठा एक अखेरचा भाग काढण्यात आला. दोन तास. पूर्ण सीझनच्या खर्चापुढे ते काहीच नव्हतं, पण तेवढ्यात सगळ्या पात्रांना जागेवर पोहोचवता आलं. हे आरडाओरड झाल्यावर करण्याऐवजी सुरुवातीलाच करारात का असू नये? मालिका मध्येच बंद करावी लागली तर एक समारोपाचा भाग काढायचा आणि त्याचे पैसे पहिल्या दिवशी बाजूला ठेवायचे. इमारत बांधणाऱ्याकडून आपण पुरेपूर लेखी घेतो, गोष्ट बांधणाऱ्याकडून एवढं मागणं जास्त नाही.

याहून वाईट म्हणजे पुसून टाकणं. 'वेस्टवर्ल्ड' पाच सीझनची योजली होती. चौथ्यानंतर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ती थांबवली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीनं तिला स्वतःच्या ओटीटीवरूनही काढून टाकलं. 'विलो' ही मालिका त्याच नोव्हेंबरमध्ये आली आणि मे २०२३ मध्ये गायब झाली. सहा महिन्यांचं आयुष्य. करांचा आणि मानधनाचा हिशेब कंपनीच्या बाजूनं पडला म्हणून शेकडो लोकांचं काम दिसेनासं झालं. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत टेपा पुन्हा वापरायच्या म्हणून जुने कार्यक्रम पुसले. 'डॉक्टर हू' चे नव्वदहून अधिक भाग त्यामुळे आजही सापडत नाहीत, जुन्या प्रतींसाठी लोक जगभर शोध घेत फिरतात. तेव्हा टेप महाग होती, एवढं तरी कारण होतं.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. रोजच्या मालिकेवर शेकडो कुटुंबं जगतात. स्पॉटदादा, मेकअप, कपडेपट, लाइटवाले. मालिका चालली तर त्यांचं घर चालतं, आणि हे खरं आहे. पण आज ती आठवडाभराच्या नोटिशीवर बंद होते तेव्हा सगळ्यात आधी रस्त्यावर येतात ते हेच लोक. शेवटची तारीख आधी ठरलेली असेल तर त्यांना पुढचं काम शोधायला वेळ मिळतो. ठरलेल्या लांबीच्या चार मालिका एकामागून एक काढल्या तर काम तेवढंच राहतं.

दुसरं म्हणणं मला जास्त हलवतं. एकटं राहणाऱ्या, घराबाहेर न पडणाऱ्या कितीतरी माणसांना मालिका म्हणजे रोज ठरल्या वेळी घरी येणारी माणसं असतात. ती कधीच जाऊ नयेत असं त्यांना वाटतं. ब्रिटनमध्ये 'कोरोनेशन स्ट्रीट' १९६० पासून चालू आहे. अमेरिकेत 'गायडिंग लाइट' १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, पुढे टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये थांबली, बहात्तर वर्षं. आपल्याकडे 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आठ वर्षं चालून २००८ मध्ये संपली आणि २०२५ मध्ये परत आली, तेव्हा लोकांनी जुन्या शेजाऱ्यासारखं तिचं स्वागत केलं. या मालिका मला नकोत असं मी म्हणत नाही. मोहल्ल्याची, वस्तीची, पिढ्यांची मालिका न संपणारी असू शकते, कारण तिच्यात एकेक छोटी गोष्ट पुरी होत जाते आणि वस्ती तेवढी उरते. माझा आक्षेप आहे तो एका मुलीची एक गोष्ट सांगायला घेऊन तीच गोष्ट न संपवण्याला. आणि ज्या एकट्या माणसाची आपण काळजी करतो, त्याच्या घरी रोज येणारी माणसं एका शनिवारी निरोप न घेता निघून जातात, त्याचं काय?

हे सगळं लिहिताना सारखं मनात येत होतं, की हा रोग मालिकांपुरता राहिलेला नाही. बातम्यांच्या वाहिन्यांनी रोजच्या मालिकेचं तंत्र जसंच्या तसं उचललं आहे. तेच संगीत, तोच चेहऱ्यावरचा झूम, ब्रेकच्या आधी तोच पेच, आणि तीच शेवटाबद्दलची बेपर्वाई. इथे मात्र पात्रं खरी असतात.

२०२० मध्ये एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूवर वृत्तवाहिन्यांनी महिनोन्महिने रोज तासन् तास कार्यक्रम केले. एका तरुणीला स्टुडिओत बसून गुन्हेगार ठरवलं गेलं, गाडीमागे कॅमेरे धावले. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये अशा माध्यमखटल्यांमुळे न्यायाच्या कामात अडथळा येतो असं स्पष्ट सांगितलं आणि वाहिन्यांना मर्यादा घालून दिल्या. त्याआधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, टीआरपीच्या गैरव्यवहाराच्या आरोपांनंतर बार्कनं वृत्तवाहिन्यांचे आकडे देणंच थांबवलं होतं. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं त्या अभिनेत्याच्या मृत्यूच्या प्रकरणात तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. ज्यांनी ते महिने पाहिले, त्यांनी आठवून पाहावं, की या शेवटाला किती वेळ मिळाला. सुरुवातीला जेवढे तास दिले, त्याच्या शतांशानं तरी दिले का? लाखो घरांत आजही त्या गोष्टीची पहिली बाजूच डोक्यात बसलेली आहे, कारण शेवटचा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

ही एकच घटना नाही. पूल पडतो, हॉस्पिटलात आग लागते, परीक्षेचा पेपर फुटतो. पहिले तीन दिवस चोवीस तास थेट प्रक्षेपण. चौकशी समिती नेमली जाते आणि तिथे मालिका बंद. समितीनं काय म्हटलं, कुणाला शिक्षा झाली, त्या मुलांची परीक्षा पुन्हा झाली का, हे शोधायचं तर आपणच जुन्या बातम्या धुंडाळायच्या. ताणलेल्या मालिकेनं आत्याचे पाचशे तास गेले. तोडलेल्या बातमीनं एखाद्याचं नाव जातं, एखाद्याला न्याय मिळाला की नाही हे समाजाला कळायचं राहतं, आणि जबाबदार माणसं लोक विसरण्याची वाट पाहत निवांत बसतात. अर्धवट गोष्टींवर पोसलेला समाज हळूहळू पुढे काय झालं हे विचारणंच सोडून देतो. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

म्हणून माझं मागणं मालिकावाल्यांकडे जेवढं आहे, तेवढंच बातमीवाल्यांकडे आहे. प्रत्येक वृत्तवाहिनीनं आठवड्यातून अर्धा तास, चांगल्या वेळेला, फक्त जुन्या बातम्यांचं पुढे काय झालं यासाठी द्यावा. ज्या प्रकरणाला महिनाभर दिला, त्याचा निकाल लागला की त्याच वेळेला, त्याच सूत्रसंचालकानं तो सांगावा, आपलं चुकलं असेल तर तेही सांगावं. मालिकांच्या बाबतीत, भागांची संख्या आधी ठरवावी आणि जाहीर करावी. वाढवायची असेल तर तेही जाहीर करावं, 'रामायण' वाढलं तसं. मध्येच थांबवायची वेळ आली तर किमान महिनाभर आधी लेखकांना आणि प्रेक्षकांना सांगावं, म्हणजे सहा दिवसांत साडेचार वर्षं कोंबावी लागणार नाहीत. कलाकारांची रांग आणि नमस्कार चालेल, पण आधी खटल्याचा निकाल न्यायालयात लागू द्या. आणि एकदा लोकांसमोर आणलेली गोष्ट हिशेबासाठी पुसू नका.

हे कायद्यानं व्हावं असं मला वाटत नाही. कथा कशी सांगावी यात सरकारनं हात घातला, तर शेवटापेक्षा कितीतरी मोठ्या गोष्टी हातच्या जातील. हे प्रेक्षकांच्या आग्रहातून यावं. वाहिनी आपल्याला पत्र पाठवा, मत द्या, आवडतं कुटुंब निवडा असं सतत सांगत असते. त्या मतांबरोबर एवढा एक प्रश्न प्रत्येकानं लिहून पाठवला, की ही मालिका किती भागांची आहे, तर कुणाला तरी त्याचं उत्तर तयार ठेवावं लागेल.

आत्यानं गेल्या महिन्यात नवी मालिका धरली आहे. त्याच वेळेची, त्याच वाहिनीवरची. पहिल्या आठवड्यात मुलगी शहरात नोकरीला आली आहे आणि तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलणं सोडलं आहे. "बोलतील का गं ते तिच्याशी?" आत्यानं मला विचारलं. मी म्हटलं, बोलतील. "कधी?"